बी.एस्सी.ला जावं का?

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. "काका, पोरगी बी.एस्सी. म्हणतीय. तुम्ही जरा समजवा तिला." समजवा म्हणजे नेमकं काय करा, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्याकडे जून महिन्यात या शब्दाचा अर्थ ठरलेला असतो. नातीला बारावीला ७८ टक्के होते, सीईटीला ८४ पर्सेंटाईल. एवढ्यावर एखाद्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा सहज मिळते. तिला मात्र भौतिकशास्त्र शिकायचं होतं, आणि घरात याला कोणी विचार म्हणायला तयार नव्हतं.

मी छत्तीस वर्षं तालुक्याच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे या प्रश्नावर माझा सल्ला घ्यावा असं लोकांना वाटतं. तो डोळे झाकून का घेऊ नये, हे आधी सांगून टाकतो.

अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा टिकते ती कार्यभारावर. कार्यभार ठरतो तुकड्यांवर आणि प्रात्यक्षिकांच्या बॅचवर. वीस-वीस मुलांची एक बॅच. दोन बॅच कमी झाल्या की एक माणूस अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेल्या माणसाची रवानगी कुठे होईल सांगता येत नाही. म्हणून बारावीचा निकाल लागला की आम्ही मास्तर मंडळी मोटारसायकली काढून गावोगाव फिरायचो. यादी हातात, पंचक्रोशीतल्या शाळांची ओळख. वरांड्यात बसायचं, चहा घ्यायचा आणि मुलाच्या वडलांना सांगायचं, "बी.एस्सी.ला घाला. विज्ञानाला मरण नाही." वाक्य खोटं नव्हतं. पण ते म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे विज्ञान नसायचं, बॅच असायची. हे एकट्या आमच्या कॉलेजातलं नव्हे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही निवृत्त विज्ञान-प्राध्यापकाला एकांतात विचारून पाहा.

तेव्हा या वेळी नातीला काही सांगण्यापूर्वी मी महिनाभर जरा अभ्यास करायचं ठरवलं. जुने कागद काढले, काही विद्यार्थ्यांना फोन केले, चार कॉलेजांत जाऊन आलो. त्यातून हाती आलं ते असं.

बी.एस्सी. ही आपल्याकडे उरलेल्यांची पदवी केव्हा झाली, हा पहिला प्रश्न. ती कायम तशी नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. विज्ञानासाठी वेगळी मोठी संस्था असावी म्हणून मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची कोनशिला १९११ मध्ये बसवली गेली आणि १९२० मध्ये ती उघडली. त्या काळात बी.एस्सी. झालेला माणूस ही गावात दाखवण्याची गोष्ट होती. आमच्या थोरल्या पिढीत मॅट्रिकनंतर एफ.वाय., मग इंटर सायन्स, मग ज्युनिअर आणि सीनिअर बी.एस्सी. अशी चढण होती. खरी फूट इंटरला पडायची. इंटरच्या मार्कांवर मेडिकल किंवा इंजिनिअरिंग, नाहीतर पुढे सरळ बी.एस्सी. म्हणजे 'नाहीतर' हा शब्द तेव्हाही चिकटलेला होताच. पण मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागा इतक्या थोड्या होत्या, की हुशार मुलांचा मोठा भाग या 'नाहीतर'मध्ये असायचा. वर्गात त्यांची सोबत असायची. शिक्षकालाही वचक असायचा.

१९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला आणि ही फूट बारावीला सरकली. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोपर्यंत आपल्याकडची पैसेवाली मुलं कर्नाटकात देणग्या भरून इंजिनिअर होत होती. तो पैसा राज्यात राहील, असा त्यामागचा एक युक्तिवाद होता. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा १९८७ मध्ये करावा लागला, यावरून पुढे काय झालं असेल त्याची कल्पना यावी. त्या निर्णयाची बरी-वाईट बाजू हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आमच्या वर्गावर झालेला परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. दर वर्षी पहिल्या बाकावरचा एकेक माणूस कमी होत गेला. मुलं कमी हुशार झाली असं मी म्हणणार नाही, पण ती हिरमुसलेली येऊ लागली. एफ.वाय.च्या पहिल्या तासाला "तुम्ही इथे का आलात?" असं विचारलं की साठातले पंचेचाळीस जण मान खाली घालायचे.

आणखी एक बदल झाला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. वर्गात मुली वाढल्या. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेत सगळ्या स्तरांवर मिळून ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. भाषणात हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. मला त्यात दुसरंही काही दिसतं. आमच्या भागात घरात मुलगा आणि मुलगी पाठोपाठची असतील, तर कर्ज मुलासाठी निघायचं आणि मुलगी बसने येऊन-जाऊन होईल अशा कॉलेजात बी.एस्सी. करायची. तिची आवड कुणी विचारलेली नसायची. पण गंमत अशी, की न विचारता आलेल्या या मुलींतच विषयात खरा जीव असणाऱ्या जास्त निघाल्या. निदान माझ्या प्रयोगशाळेत तरी.

यात आता एक नवी गोष्ट आली आहे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पुतण्या याच उत्पन्नातला, दाखलाही हाताशी. तो मला म्हणाला, "काका, पूर्वी तुम्ही म्हणायचा बी.एस्सी. स्वस्त पडते. आता इंजिनिअरिंगची फीच माफ आहे. मग सांगा." मला पटकन उत्तर सुचलं नाही. वसतिगृह, खाणावळ, लॅपटॉप हे माफ नाही, हे खरं. पण 'परवडत नाही म्हणून बी.एस्सी.' ही जुनी सबब मुलींच्या बाबतीत तरी बरीच ढिली पडली आहे, आणि हे चांगलंच झालं. आता जी मुलगी बी.एस्सी. म्हणते तिला ते का हवं आहे, हे घरच्यांना विचारावंच लागेल.

विज्ञानदिनाच्या भाषणांत मी स्वतः वर्षानुवर्षं कमला सोहोनींचं उदाहरण द्यायचो. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीने १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई तिथे जाऊन थडकल्या, सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अटींवर त्यांना घेतलं गेलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी., आणि अखेर ज्या मुंबईच्या विज्ञान संस्थेचा वर उल्लेख आला तिचं संचालकपद. गोष्ट खरी आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी आहे.

पण मी भाषणात एक गोष्ट गाळत आलो. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या त्याच संस्थेत सुरुवातीच्या काळात शिकलेले. बी.एस्सी.नंतर कुठे जायचं, तिथे काय चालतं, नकार आला तर तो शेवटचा मानायचा नसतो, हे त्यांना घरातच कळलेलं होतं. धैर्य त्यांचं स्वतःचं, नकाशा मात्र घरचा. आमच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलीकडे धैर्य असतं, नकाशा नसतो. तो देणं हे आमचं काम होतं. आम्ही तिला कमलाबाईंची गोष्ट सांगायचो आणि घरी पाठवायचो.

दुसरं उदाहरण द. रा. कापरेकरांचं. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. कधी केलीच नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ चं तेच करा, पुन्हा ६१७४ च येते. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधी लागत नाहीत. ही कापरेकरांची संख्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून शिकवण्या घेत होते. 'नुसती बी.एस्सी.' माणसाला कुठवर नेऊ शकते याचं हे उदाहरण आहे, आणि कुठे सोडून देते याचंही. एकच अर्धा भाग सांगणाऱ्यांपासून मुलांनी सावध राहावं.

आता मूळ प्रश्न : या तीन वर्षांत मिळतं काय?

अभ्यासक्रमाबद्दल मी थोडंच बोलतो. पूर्वी पहिली दोन वर्षं तीन-चार विषय आणि टी.वाय.ला एक मुख्य विषय असा सरळ हिशेब होता. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे अनेक कप्पे आले आहेत. कागदावर ते छान दिसतात. तपासायचं ते एवढंच, की आपण निवडलेल्या कॉलेजात मेजरच्या विषयाला शिकवायला कायम माणूस आहे की नाही. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स अशा बाहेर पडायच्या वाटा आहेत. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षं केलेल्याला एम.एस्सी. एका वर्षात होते. हे सगळं ठीक. पण चौथ्या वर्षाचा संशोधन-प्रकल्प करून घेणारी प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक प्रत्येक कॉलेजात आहेत असं समजू नये.

खरी गोष्ट घडते ती प्रात्यक्षिकांत. म्हणून एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो.

१९९४ च्या जूनमध्ये मी आणि एक सहकारी असेच एका वस्तीवर गेलो होतो. वडील दीड एकर उसाचे मालक. मुलीला बारावी विज्ञानला चांगले मार्क. वडलांच्या मनात डी.एड. होतं. तेव्हा डी.एड. म्हणजे दोन वर्षांत जिल्हा परिषदेची शाळा, घराजवळ नोकरी. मी म्हटलं, "डी.एड. काय, कुणीही करतं. हिला बी.एस्सी. करू द्या. प्राध्यापक होईल." वडलांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर." बॅच पूर्ण झाली.

पहिल्याच वर्षी साध्या लंबकाचा प्रयोग. दोरी, गोळा, स्टॉपवॉच. वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. आमच्या भागात ते ९७८ च्या आसपास यायला हवं. सेंटिमीटर प्रतिसेकंद वर्ग. तेव्हा आम्ही जुनीच एककं वापरत होतो. सगळ्यांच्या जर्नलमध्ये ९७८, ९७९, ९८०. आता आतली गोष्ट सांगतो : ही उत्तरं येत नसतात, आणली जातात. आधी उत्तर लिहायचं, मग त्याला जुळणारी रीडिंग. मुलांना ठाऊक असतं, शिक्षकाला ठाऊक असतं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही ठाऊक असतं. या मुलीच्या जर्नलमध्ये १०८४ होतं. मी लाल पेन उचलला तर म्हणाली, "सर, तीनदा केलं. एवढंच येतंय."

तिला मी जुळवून आण म्हटलं नाही, हे माझं नशीब. पुन्हा कर म्हटलं. दोन दिवस ती मधल्या सुट्टीत येऊन लंबक हलवत होती. तिसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी. "सर, मी सुरुवातीलाच 'एक' म्हणतेय." म्हणजे गोळा सोडून घड्याळ सुरू करताना ती 'शून्य' म्हणण्याऐवजी 'एक' म्हणत होती. वीस म्हटलं तेव्हा आंदोलनं एकोणीसच झालेली. एकोणिसांचा वेळ विसांनी भागला, आवर्तनकाळ कमी आला, आणि त्याचा वर्ग छेदात असल्यामुळे उत्तर सुमारे अकरा टक्क्यांनी फुगलं. शून्यापासून मोजून पुन्हा केलं, ९८१ आलं. तिने जुनं पान फाडलं नाही. त्यावर एक रेघ मारून खाली कारण लिहिलं.

बी.एस्सी. म्हणजे काय, तर माझ्या मते हे पान. चुकलेल्या उत्तराचं कारण सापडेपर्यंत चैन न पडणं. ज्याला हे होतं त्याने या वाटेचा विचार करावा. ज्याला उत्तर जुळल्याशी मतलब, त्यात काही पाप नाही, पण तीन वर्षं त्याला फार लांब वाटतील.

ती मुलगी पुढे एम.एस्सी. झाली, सेट झाली. आणि गेली वीसहून जास्त वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. वाचकांपैकी ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी : जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, मे महिन्याचे नाहीत. दर वर्षी नवा आदेश. कायम जागा भरायच्या थांबल्या, सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. तिचा विषय आणि तिची जाहिरात यांची गाठ पडली नाही. तिच्याबरोबर बारावी झालेल्या दोघी मैत्रिणी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेत लागल्या, तेही २००५ च्या नोव्हेंबरच्या आधी, म्हणजे जुन्या पेन्शनमध्ये.

या लेखासाठी मी तिला फोन केला. खरं तर पंधरा वर्षं टाळलेला फोन होता. विचारलं, "मी त्या दिवशी घरी आलो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का?" ती म्हणाली, "दोनदा वाटलं सर. एकदा वडलांच्या ऑपरेशनच्या वेळी, आणि एकदा मैत्रिणीच्या घराच्या वास्तुशांतीला." मग थोडं थांबून म्हणाली, "पण विषयाला दोष देऊ नका. विषयानं मला काही कबूल केलं नव्हतं. तुम्ही केलं होतं."

यावर मी काय बोलणार? पण तिच्या या वाक्याने माझ्या डोक्यातला गुंता सुटला. विषय निवडणं आणि पुढची भाकरी निवडणं या दोन गोष्टी आम्ही मास्तरांनी एकत्र बांधून विकल्या. त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

भाकरीचं आधी. नुसत्या बी.एस्सी.वर काय मिळतं? रसायनवाल्याला मिळतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लॅब केमिस्ट, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून साखर किंवा मद्यार्क तंत्रज्ञान शिकला तर वरची पायरी. कुरकुंभ, लोटे, तारापूर इथल्या औषध आणि रसायन कारखान्यांत क्वालिटी कंट्रोल, तीन पाळ्यांत. सुरुवातीचा पगार फार नसतो, पण हात चांगला असेल तर माणूस वर जातो. भौतिकशास्त्र आणि गणितवाल्याला नुसत्या पदवीवर थेट असं काम कमी. त्याने बी.एड. करावं, एम.सी.ए. करावं, बँकेच्या नाहीतर लोकसेवा आयोगाच्या परीक्षा द्याव्यात. पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्यांत बी.एस्सी.वाले किती असतील, ते कुणी मोजावं असं मला फार वाटतं. भूशास्त्राचा विषय कुणी घेत नाही, आणि एम.एस्सी.पर्यंत गेलेल्यांना भूवैज्ञानिकांची वेगळी केंद्रीय परीक्षा असते, हेही कुणी सांगत नाही.

विषयातच राहायचं असेल तर पदवी हा जिना आहे, मजला नव्हे. आयआयटींची जॅम परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट, मग पीएच.डी. संशोधनाची कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे आणि तिथे एम.एस्सी. झालेल्यांना दार असतं. म्हणजे बारावीनंतर पहिला बरा पगार हातात यायला पाच ते सहा वर्षं. ज्या घरात एवढी वर्षं थांबायची ताकद नाही त्या घराला हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. आम्ही सांगितलं नाही.

शिवाय बी.एस्सी. आता एक राहिलेली नाही. २००६ मध्ये पुणे आणि कोलकाता इथे आयसर सुरू झाल्या. पाच वर्षांची बी.एस.-एम.एस., स्वतंत्र प्रवेश परीक्षा. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञान केंद्र २००७ चे. त्यांना नेस्ट नावाची परीक्षा. बंगलोरच्या त्याच इंडियन इन्स्टिट्यूटने २०११ पासून पदवी अभ्यासक्रम सुरू केला. इन्स्पायर योजनेत मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या, बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. यातलं बहुतेक अकरावीतच माहीत असावं लागतं. नातीला मी विचारलं, आयसरची परीक्षा दिलीस का? ती म्हणाली, "ती काय असते?" तिच्या क्लासमध्ये दोन वर्षांत एकदाही कुणी नाव काढलं नव्हतं. आणि मी, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, तिचा आजोबा, पुण्याहून दीडशे किलोमीटरवर राहून मीही काढलं नव्हतं. नकाशा नसण्याबद्दल मी वर जे लिहिलं ते माझ्याच घराबद्दल आहे.

मग जुलैत आम्ही दोघं कॉलेजं बघायला निघालो. एकाच इमारतीत अनुदानित तुकडीची बी.एस्सी. आणि विनाअनुदानित बी.एस्सी. अशा दोन दुकानदाऱ्या असतात, फीमध्ये कितीतरी पट फरक असतो, आणि फॉर्म भरताना तो नीट सांगत नाहीत, हे तिला पहिल्यांदा दाखवलं. नॅकची श्रेणी प्रवेशद्वारावर असते. ती वाचून मी पुढे जायला सांगितलं. "प्रयोगशाळेत चल. तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. मी बाहेर थांबतो." मास्तर सोबत असला की पोरं खरं बोलत नाहीत.

पहिल्या कॉलेजातून ती वीस मिनिटांत बाहेर आली. मुलांनी तिला जर्नलं दाखवली होती. "आजोबा, सहा जणांची पाहिली. लंबकाचं सगळ्यांचं उत्तर दशांशापर्यंत सारखं. मी विचारलं कसं काय, तर हसायला लागले." दुसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाबरोबर गावी गेली होती. तिसऱ्यात सगळं चकचकीत, पण विभागात कायम शिक्षक एकही नाही. चौथं जिल्ह्याच्या ठिकाणचं, जुनं. छत गळत होतं, स्पेक्ट्रोमीटर माझ्या वयाचे. तिथे ती दीड तास आतच. एका मुलीच्या जर्नलमध्ये लाल शाईत 'पुन्हा करा' असं दोनदा लिहिलेलं आणि तिसऱ्यांदा सही, असं पान तिने मोबाईलवर फोटो काढून आणलं होतं. तिथल्या विभागातून दोन मुलं मागच्या वर्षी जॅममधून बाहेर गेली, हेही विचारून आली.

पुतण्याला मी जे सांगितलं ते एवढंच : अभियांत्रिकीला गेली तर वाया जाणार नाही, बी.एस्सी.ला गेली तर तरून जाईल याची हमी मी देणार नाही. हमी देण्याची माझी सवय आता मोडली आहे. कॅपच्या फेरीचा पर्याय-अर्जही भरून ठेवा. आयसरची परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा देता येते, तेव्हाचे नियम बघून तीही द्यावी. तो म्हणाला, "पण काका, नोकरीचं काय?" मी उत्तर दिलं नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीचा नंबर दिला आणि म्हटलं, हिला विचार. मला विचारू नकोस.

ती दोघं चाळीस मिनिटं बोलली, असं सूनबाईंकडून कळलं. काय बोलली ते पुतण्याने सांगितलं नाही. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर प्रवेशाच्या पावतीचा फोटो आला. बी.एस्सी. भाग एक, जिल्ह्याच्या ठिकाणचं ते गळक्या छताचं कॉलेज. खाली त्याचा निरोप : "काका, हॉस्टेलच्या खोलीला फॅन नाही म्हणे. टेबलफॅन चालतो का तिथं, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"